चाळीस आंब्यांचा मालक

माझ्या जयदेवकाकाचे कान मोठे होते हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या कानांचं काम पडणार आहे. नुसते मोठे नव्हते, डोक्यापासून सुटून बाजूला उभे राहिलेले होते, आणि डाव्या कानाची वरची कड दुमडलेली होती. आमच्या घरात हे कान बापाकडून मुलाकडे येतात. मुलींना देवाने वाचवलं.

काका मॉरिशसमधल्या शमें ग्रेनिए गावचा. घरामागे दोन तुकडे जमीन, तीत वांगी, मिरच्या आणि पोमदामूर, म्हणजे टोमॅटो. कामाला वाघ. गोगलगाय पानावर चढायच्या आत त्याला दिसायची. वजनात कधी कोणाला फसवलं नाही, आणि बाजारात त्याला फसवायची कोणाची छाती नव्हती. पण हाच माणूस हातात कागद आला की पार खुळा व्हायचा. तोंडाने सांगितलेली गोष्ट तो दहादा तपासायचा, आणि छापलेली गोष्ट न चावता गिळायचा. ‘छापायला पैसं पडतात,’ तो म्हणायचा, ‘खोटं छापायला कोन पैसं घालील?’ या प्रश्नाचं उत्तर मी त्याला पुष्कळदा दिलं. गाढवापुढे वाचली गीता.

चौऱ्याहत्तर साली त्याला एक साखळीपत्र आलं होतं. याच्या वीस प्रती करून वीस जणांना पाठवा, नाहीतर घरात अनिष्ट घडेल. काकाने तीन दिवस मळ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. हाताने वीस प्रती काढल्या. अठरा माणसं सापडली, पुढे माणसं संपली. मग एकोणिसावं पत्र त्याने देवळातल्या महाराजांना दुसऱ्यांदा पाठवलं आणि विसावं तिकीट लावून स्वतःच्या बायकोला. भगवतीकाकीने ते पोस्टमनकडून घेतलं, पाहिलं, आणि त्यात सुक्या मिरच्या बांधल्या. अनिष्ट काही घडलं नाही. म्हणजे, काका म्हणायचा, पत्राचा गुण आला.

एकोणऐंशी साली फ्रान्सच्या कुठल्याशा सामान विकणाऱ्यांनी त्याला पाकिटातून एक चावी पाठवली. चावी पत्र्याची, आणि पत्रात लिहिलेलं की हिने कदाचित एक मोटार उघडेल. ‘कदाचित’ हा शब्द काकाने वाचला नाही. इस्त्रीचा सदरा घालून, छत्री घेऊन तो बसने पोर्ट लुईच्या बंदरावर गेला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, ‘माझी मोटार आली काय?’ त्या चावीने पुढे काकी सार्डिनचे डबे उघडायला बघायची.

हसण्यासारखं आहे, मी अजून हसते. पण एक कागद असा होता की त्यावरून काकाला कोणी हसलं नाही.

तो होता सखारामआज्याचा. माझ्या आज्याचा आजा, जो कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, जहाजात बसून इथे उसात राबायला आला. डेपोत उतरल्यावर त्याला तिकीट मिळालं. वर नंबर, खाली चार ओळी, कोपऱ्यात चिकटवलेला फोटो. उघडा, घाबरलेला एक पोरगेला माणूस, छातीशी नंबराची पाटी धरून उभा. त्याच्याबद्दल आमच्याकडे तेवढंच आहे. झेर्वेजच्या वादळात पंच्याहत्तर साली घराचं छप्पर उडालं, तेव्हा काकीने कोंबड्या धरल्या, मी धाकट्या भावाला धरलं, आणि काकाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा सदऱ्याच्या आत घालून पोटाशी धरला. त्या डब्यात हे तिकीट होतं. बाकी सगळं ओलं झालं. दर दिवाळीला काका ते काढायचा, दिवा दाखवायचा, आणि पुन्हा ठेवायचा.

आता चौऱ्याऐंशीचा जानेवारी. मी तेव्हा तेवीसची, रोझ हिलला एका कचेरीत टायपिस्ट. शनिवार-रविवारी काकाकडे असायची. त्या शनिवारी पोचले तर घराची तऱ्हाच वेगळी.

‘विद्या,’ काकी मला चुलीकडे ओढून म्हणाली, ‘तुज्या काकाला कायतरी झालंय. सोमवारपास्नं आंबा खाईना.’

जानेवारीत आमच्याकडे आंब्याला कोणी विचारत नाही इतके आंबे असतात, आणि काका एका बैठकीत सात खायचा.

‘पोट बिघडलं असेल.’

‘पोट न्हाय गो. आंबा हातात घेतो, हुंगतो, नि म्हनतो, ह्यो काय आंबा? काल मला इच्यारलं, भगवती, तुला जहाजात उलटी व्हते का? मी कवा जहाजात बसले?’

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. काकीने मुद्दाम आंबा कापून त्याच्यापुढे ठेवला. काकाने ताटली एका बोटाने बाजूला सारली. हे एक बोट काकीला सहन झालं नाही. ती उठली, खुंटीवरची त्याची छत्री उघडली, आणि आतून एक घडी केलेला कागद खाली पडला. काकाची लपवायची जागा एकच, आणि ती फक्त काकाला गुप्त वाटायची.

‘वाच,’ ती मला म्हणाली.

‘वाचू नको!’ काका ओरडला. ‘कुनाला सांगायचं न्हाय असं लिवलंय त्यात!’

मी वाचलं. वर ठळक देवनागरीत ॥ श्री गणेशाय नमः ॥, खाली सगळं इंग्रजीत टाइप केलेलं. टाइप वाईट, ‘ई’चं अक्षर दर वेळी अर्धं खाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्राचीन व प्रतिष्ठित सखाराम घराण्याची मालमत्ता वारसाअभावी पडून आहे: चिरेबंदी घर, एक विहीर, चाळीस हापूसची झाडं. मॉरिशसमध्ये पुष्कळ शोध घेतल्यावर आपणच एकमेव वारस आहात असं निष्पन्न झालं आहे. पत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत पूर्वजाचं मूळ तिकीट, नक्कल नव्हे, कोऱ्या कागदावर दोन सह्या, पोस्टातल्या बचत खात्याचा नंबर आणि अडीचशे रुपयांची पोस्टल ऑर्डर आमच्या रोझ हिलच्या पोस्ट पेटीवर रजिस्टरने पाठवावी. उशीर झाल्यास मालमत्ता सरकारजमा होईल. शत्रू टपलेले असल्याने ही गोष्ट कोणाही नातेवाइकाला सांगू नये.

खोटं कशाला बोलू, वाचून झाल्यावर पहिलं मिनिटभर आम्हा तिघांनाही ते खरं वाटलं. मी टायपिस्ट, शिकलेली, आणि मीसुद्धा त्या मिनिटात विहिरीच्या काठावर उभी राहून आले.

‘विहिरीला पानी हाय का, ते लिवलंय?’ काकीने विचारलं.

‘असनारच,’ काका म्हणाला. ‘चाळीस झाडं काय उगाच जगतात?’

‘मग दहा झाडं माज्या बहिनीला द्या.’

‘दहा? पाच.’

‘पाच काय? तिनं आपलं छप्पर उडालं तवा...’

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पाच मिनिटं हे चाललं. शेवटी काकीने रागाने डाळीचा डाव उचलला, आणि तो हवेतच थांबला.

‘विद्या, कोनचं घरानं म्हनलीस?’

‘सखाराम घराणं.’

‘अहो,’ ती काकाकडे वळली, ‘सखाराम कोन?’

‘सखाराम आजा! तिकिटावरचा! हे काय इच्यारनं झालं?’

‘त्ये त्याचं आपलं नाव ना? आईनं ठेवलेलं?’

‘व्हय.’

‘मग घरान्याचं नाव सखाराम कसं असंल? तो तितनं निघाला तवा गावात त्याचं आडनाव कायतरी येगळं असंल ना?’

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमचे लोक जहाजातून उतरले तेव्हा कारकुनाने त्यांचं नाव लिहिलं आणि बापाचं नाव लिहिलं. आडनाव कोणाला विचारलं नाही. पुढे मुलांना शाळेत घालताना, जन्मनोंद करताना आडनाव लागलं, तेव्हा आज्याचं नाव तेच आडनाव झालं. म्हणून मी विद्यावती सखाराम, शेजारचे धोंडीचे वंशज ते धोंडी, मागच्या गल्लीतले बाबाजीचे वंशज ते बाबाजी. इतकं अंगवळणी पडलं की ते बनलेलं आहे हे आम्ही विसरलो. सखाराम घराणं सुरू झालं ते या बेटावर. रत्नागिरीत ते असेल कुठून?

काकाचे कान आधी लाल झाले, मग पांढरे. तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने घातला नाही.

‘आडनाव काय होतं?’ एवढंच त्याने विचारलं.

‘मला काय ठाव? तुमचा आजा.’

‘मला बी ठाव न्हाय,’ काका म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना.

काकीने मात्र पुढचा प्रश्न विचारला. ‘कागद कुठं हाय?’

काकी आत गेली आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं. आत कापराच्या दोन वड्या आणि लाल फडक्याची रिकामी घडी.

‘लापोसला दिला, पोस्टात,’ काका म्हणाला. ‘काल सकाळी. रजिस्टर.’

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डबा खाली ठेवला, झाकण लावलं आणि त्याच्या शेजारी बसली. ‘वादळातनं वाचवला,’ ती म्हणाली, ‘नि तिकीट लावून घालवला.’ काका पन्नाशीचा गडी, ढसाढसा रडला. मीही रडले. आंबा तसाच राहिला, त्यावर मुंग्या आल्या.

सोमवारी पहिल्या बसने आम्ही तिघं निघालो. दोन बसा बदलून रोझ हिल. काकीने बरोबर वेलदोड्याचा चहा, चार मिरच्यांचे गातो, म्हणजे डाळीचे वडे, आणि विळी घेतली होती. विळी कशाला विचारलं तर म्हणाली, ‘असू दे.’ मी ती बसच्या सीटखाली ढकलून दिली आणि येताना परत मिळेल असं सांगितलं. मिळाली नाही, ते तिने मला आयुष्यभर ऐकवलं.

पोस्टात जाड चष्म्याचा एक क्रेओल कारकून होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पेटीचा नंबर ऐकला आणि भुवई वर गेली.

‘या पेटीचा माणूस आज सकाळी दोनदा येऊन गेला,’ तो क्रेओलमध्ये म्हणाला. ‘रजिस्टर आलं का म्हणून. थैली आत्ता फुटतेय. दहाला परत येतो म्हणालाय.’

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते.

‘मोस्ये, ते पाकीट आमचं आहे. परत द्या.’

‘पाठवणाऱ्याला परत घेता येतं. फॉर्म आहे. पावती?’

आणि काकाने खिशातून पावती काढली. आयुष्यात ज्याने एक चिटोरा फेकला नाही, साखळीपत्र जपलं, पत्र्याची चावी जपली, त्याने पावती फेकली नव्हती. पहिल्यांदा मला त्याच्या खुळाचा अभिमान वाटला.

कारकुनाने पावती तपासली. ‘बों, ठीक. आता तुम्हीच जयदेव सखाराम आहात याचा पुरावा?’

काकाने खिसे चाचपले. तेव्हा आमच्याकडे ओळखपत्र नावाचा प्रकार नव्हता. काकाकडे बसचं तिकीट, तंबाखू आणि टोमॅटोच्या औषधाचं बिल होतं.

‘घरात फोटो लावलेला कुठला कागद?’

‘हाय ना,’ काका म्हणाला. ‘त्या पाकिटात.’

‘तो तुमचा फोटो आहे?’

‘माज्या आज्याच्या बापाचा.’

कारकुनाने चष्मा काढून पुसला. रांगेतली माणसं खुसखुसली. ‘आयो!’ मागून एक बाई म्हणाली, ‘याला परलोकाचं पोस्ट पाहिजे!’ काकीने तिच्याकडे असं पाहिलं की विळी बसमध्ये राहिली याचं मला समाधान वाटलं.

‘लिहा तुम्ही,’ काका अचानक म्हणाला. ‘आत काय हाय ते मी सांगतो, मग उघडून बघा.’ आणि त्याने डोळे मिटले. ‘मानूस उघडा हाय. पाटी धरलीय, ती वाकडी. तीन लाखाच्या वरचा नंबर.’ नंबर त्याने आकडा न चुकता सांगितला. ‘उजवा खांदा खाली. तोंड जरा उघडं, कुनीतरी ओरडलंय त्याला, हलू नको म्हनून. कान दोनी भायेर. डावा कान वरनं दुमडलाय.’

हे तो मराठीत बोलत होता, मी क्रेओलमध्ये सांगत होते.

कारकून आत गेला, आपल्या साहेबाला घेऊन आला. पाकीट काकाच्या हाताने उघडवलं. साहेबाने तिकीट उजेडात धरलं. फोटो पाहिला, काकाकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग त्याने तिकीट काकाच्या डोक्याशेजारी आडवं धरलं आणि कारकुनाला म्हणाला:

‘गेते! मेम झोरे!’

बघ, तेच कान. सगळी रांग पुढे आली. मघाची बाईसुद्धा आली, बघून म्हणाली, ‘मेम झोरे, बोंद्ये!’ तेच कान, देवा, आणि डोळे पुसायला लागली. साहेबाने फॉर्मवर शिक्का मारला. ज्या कानांवरून काका शाळेत रोज मार खाऊन आला, त्या कानांनी त्याला त्याचा आजा परत दिला. काकाने तिथेच कानाला खडा लावला की आता पत्रावर विश्वास ठेवणार नाही, आणि कारकुनाने दिलेलं बचत योजनेचं छापील पत्रक घडी करून खिशात घातलं.

साहेबाने पोलिसांना कळवलं. पण दहाला तो माणूस आला नाही, पुढेही नाही. बाहेर पडताना कारकून मला हळूच म्हणाला, ‘मादम्वाझेल, या महिनाभरात त्या पेटीला अशी तीन-चार पाकिटं देऊन झालीत. सगळी तुमच्याच बाजूची.’

बसमध्ये काका तिकीट मांडीवर धरून गाणं गुणगुणत होता. मी त्याला ते सांगितलं. गाणं थांबलं.

‘मग आता सगळ्यांना सांगावं लागंल,’ काकी म्हणाली.

‘सांगू की. म्हनजे... कुनी इच्यारलं तर.’ काका खिडकीबाहेर बघायला लागला. तो आमच्या देवळाच्या मंडळाचा चिटणीस होता. गावात कोणाला पत्र आलं की वाचून घ्यायला त्याच्याकडे यायचे. एवढा मान त्याला टोमॅटोवर मिळाला नसता. ‘कुनाला सांगू नका असं लिवल्यावर कोन इच्यारनार?’ काकी म्हणाली, आणि पुढे पूर्ण वाटभर एक शब्द बोलली नाही. काकीचं न बोलणं फार मोठं असायचं.

मंगळवारी देवळात भजन असतं. मी मुद्दाम सुट्टी काढून थांबले. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि काका टोपी काढून उभा राहिला. कान आणखी मोठे दिसायला लागले.

‘मंडळी,’ तो म्हणाला, ‘ज्यांना रत्नागिरीत चाळीस आंब्याची झाडं मिळाली असतील, त्यांनी हात वर करा.’

कोणी हललं नाही. काकाने आपला हात वर केला. ‘मला मिळाली. घर नि विहीर बी मिळाली. सही करून, पैसं घालून, आज्याचं तिकीट टाकून मी पाकीट धाडलं. माज्यासारखा येडा या गावात दुसरा न्हाय, ह्ये मला म्हाईत हाय. पन असलाच एखादा, तर त्यानं सांगावं. मला एकट्याला लाज वाटते.’

मग मागून कुंती बाबाजीचा हात वर गेला. मग तिच्या दिराचा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण दोघं एकाच घरात राहत होते आणि दोघंही एकमेव वारस होते. मग आणखी. सात हात. दोनशे ऐंशी झाडं आणि सात विहिरी. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं देऊळ हसायला लागलं, महाराजांची पगडी हलायला लागली. कुंतीने पाकीट अजून पाठवलं नव्हतं. पदराखालून काढून तिने ते तिथेच फाडलं आणि तिकीट कपाळाला लावलं.

हसला नाही तो इंद्रदेव धोंडी. आमचा शेजारी, साठीचा, एकटा. त्याने तीन आठवड्यांपूर्वी पाठवलं होतं.

‘माजं गेलं, जयदेव,’ तो म्हणाला. ‘मी इच्यारनार होतो तुला. पन कुनाला सांगू नको म्हनून लिवलं होतं.’

‘मी बी तुला इच्यारलं न्हाय,’ काका म्हणाला. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण, आणि त्यावरून रोज मिरच्यांची देवघेव.

त्या वर्षी काकाने वांग्यांचं पीक अर्धं बुडवलं. दर बुधवारी तो इंद्रदेवला घेऊन मोकाला जायचा, जिथे गिरमिटियांची जुनी बाडं ठेवली आहेत. पाचव्या बुधवारी इंद्रदेवच्या आज्याची, धोंडीची, नोंद सापडली. फोटोची नक्कल मिळाली, जराशी पुसट. इंद्रदेवने ती घेतली आणि पोमदामूरची एक टोपली तिथल्या कारकुनाच्या टेबलावर ठेवून दिली. त्याच बाडात काकाने सखारामची ओळही पाहिली. नाव, बापाचं नाव, कोणालाच वाचता येईना असं गावाचं नाव. आडनावाचा रकाना नव्हताच.

त्यानंतर गावात कोणालाही छापील काही आलं की ते आधी काकाकडे यायचं. वाचून घ्यायला नाही, खोटं ओळखून घ्यायला. कोणाला सांगू नका असं जिथे लिहिलंय ते पत्र तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. घाई करा असं लिहिलेलं पत्र महिनाभर छत्रीत ठेवायचा. त्याला यातलं फार कळायला लागलं होतं असं नाही. पण एकदा फसलेला माणूस दारात बसवलेला बरा, असं काकी म्हणायची.

एक गोष्ट मात्र त्याने कोणाला सांगितली नाही. ती मला पोस्टमन देवराजने सांगितली, काका गेल्यावर, सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात, सांत्वनाला आला तेव्हा.

त्या जानेवारीत, भजनाच्या दुसऱ्याच दिवशी, काका त्याला रस्त्यात गाठून म्हणाला होता, ‘देवराज, इंडियाचं तिकीट लावलेलं पत्र आलं, नि त्याच्यावरचं आडनाव या गावात कुनाचंच नसलं, तर परत धाडू नको. आधी माज्याकडं आन.’

‘का, तोंतोंकाका?’ देवराजने विचारलं होतं.

‘खोट्या पत्राला आमचं नाव ठाव असतं,’ काका म्हणाला. ‘खरं आलं, तर ते आमच्या नावानं येनार न्हाय.’

देवराजने जवळजवळ चार वर्षांत दोन पत्रं आणली. एक औषधांच्या व्यापाऱ्याचं होतं आणि एक चुकून दुसऱ्या गावचं. काकाने दोन्ही पाकिटांवरची नावं बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली, तोंडाने म्हणून पाहिली, आणि न उघडता परत दिली. आता देवराज पाकिटं माझ्याकडे आणतो.